जावईबापू पाण्यात आहेत

एक नवरा सोडला तर सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. नवऱ्यानं तसं म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते ‘अगं’वर भागवायचे. सिस्टरनी उभी हयात इस्पितळाच्या वॉर्डात काढली, आणि तीही खरोखरच उभ्यानं. वॉर्डात एक खुर्ची होती, पण ती डॉक्टर आले की त्यांच्यासाठी पुढे सरकवायला. या सगळ्याचा सूड गुडघ्यांनी निवृत्तीनंतर उगवला.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकले, जखम भरली, भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फळंसुद्धा संपली. गुडघा मात्र वाकायचं नाव घेईना. डॉक्टरांनी पाय हातात धरून इकडून तिकडून दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

“सिस्टर, पाण्यात चाला. छातीइतक्या पाण्यात, रोज. तुमचं वजन पाणी उचलेल, गुडघा मोकळा होईल. नाहीतर मला भूल देऊन तो जबरदस्तीनं वाकवावा लागेल. आणि त्यालाही उशीर झाला तर...”

पुढचं सांगायची गरज नव्हती. असे जबरदस्तीनं वाकवलेले गुडघे सिस्टरनी टेबलाशी उभं राहून, स्वतःच्या हातांनी पाय धरून पाहिले होते. त्या वेळी होणारा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आणि उशीर झालेले पायही त्यांनी पाहिले होते, काठीसारखे ताठ, जन्मभर समोर पसरून ठेवायचे. सिस्टर तशा कशाला भिणाऱ्या नव्हत्या, पण याला भ्यायल्या.

त्यात एक गोष्ट मात्र अशी होती, की आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. दोघं राहत होते ते घर लेकीचं. लेक आणि जावई नोकरीपायी लांबच्या शहरात गेले आणि घर आईवडिलांच्या हवाली करून गेले. त्या घराच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव होता. चांगला जमिनीत खोदलेला, निळ्या फरशांचा, एका टोकाला पायऱ्या आणि छातीइतकं पाणी, दुसऱ्या टोकाला डोक्यावरून जाईल इतकं. आजवर त्याचा उपयोग एवढाच, की पाहुणे आले की त्यांना तो दाखवायचा. नवरा-बायको दोघांनाही पोहता येत नव्हतं.

नवऱ्याला गल्लीत तपासनीस म्हणत. कुकरच्या कारखान्यात झाकणं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. झाकण उजेडात धरायचं, बोट फिरवायचं आणि पास की नापास ते सांगायचं. नापास झालेल्याचं पुढं काय करायचं, ते दुसऱ्यांनी बघायचं. ही सवय घरीही आली. नवी बादली, नवी छत्री, फार काय, लेकीला बघायला आलेला मुलगासुद्धा त्यांनी खिडकीपाशी बसवला होता. उजेड चांगला म्हणून.

सिस्टर पहिल्यांदा पाण्यात उतरल्या तेव्हा तपासनीस काठावर उभे होते, हातात पानं काढायची लांब दांड्याची जाळी घेऊन. सिस्टरनी नियमाप्रमाणे दुखरा पाय आधी टाकला. उतरताना दुखरा, चढताना चांगला, हे त्यांनी शेकडो पेशंटना घोकून घोकून शिकवलं होतं. पण तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं आणि शेवाळाला नियम माहीत नव्हता. पाय सटकला आणि सिस्टर पाण्याखाली गेल्या. गेल्या आणि आल्या. डोळ्यांवर केस, नाकातोंडात पाणी, खोकत खोकत हसत.

“अहो, अर्धा तलाव पिऊन आले!”

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे कित्येक दिवस त्यांनी ते फोनवर, फाटकाशी, दूधवाल्याला, दिसेल त्याला ऐकवलं. सगळे हसले. तपासनीस हसले नाहीत. पण ते तसेही फारसे हसत नसत, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. “पायऱ्यांवर शेवाळ आहे. तुझी आई घसरली. माझ्यानं वाकून घासणं होत नाही. काहीतरी कर.”

लांब राहणारी मुलं जे करतात तेच लेकीनं केलं. माया दाटून आली आणि तिनं एक खोकं पाठवलं.

खोक्यातून तलाव साफ करायचं यंत्र निघालं. दोन बाजूंना पट्ट्यांवर चालणारी चाकं, पोटाखाली ब्रश, पाठीवर झाकण, आत कचऱ्याची टोपली, आणि मागे लांबलचक निळी वायर. वायरीचं दुसरं टोक काठावरच्या एका डबीत जायचं. डबीवर हिरवा दिवा लागला की यंत्र पाण्याच्या तळाशी फिरायचं, भिंती चढायचं, पायऱ्या घासायचं.

“यांनी निवडलंय, आई,” लेक फोनवर म्हणाली. “दहा दुकानं पालथी घालून.”

जावयानं निवडलेलं म्हणून आणि त्याचे लाड बघून सिस्टरनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. आणि लाड तरी किती! रोज पाण्यातून काढलं की तपासनीस त्याला गोड्या पाण्यानं आंघोळ घालायचे, जुन्या मऊ पंचानं पुसायचे आणि सावलीत खुर्चीवर बसवायचे. त्या खुर्चीवर पूर्वी सिस्टर बसायच्या. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. हा ग्रह त्यांच्या मागच्या अंगणात येऊन बसला.

सिस्टरनी सुरुवातीला कौतुकच केलं. नवरा बोलून दाखवणाऱ्यातला नाही, पण बायको घसरली म्हणून धावपळ करतो, याचं त्यांना आतून बरं वाटलं. यंत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या टॉवेल घेऊन मागच्या दारात आल्या.

“अगं, थांब,” तपासनीस म्हणाले. “मशीन पाण्यात आहे.”

“असू दे की. ते त्याच्या वाटेनं जाईल, मी माझ्या.”

तपासनिसांनी माहितीपुस्तक उघडून समोर धरलं. त्यात पोहणाऱ्या माणसाचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली. यंत्र पाण्यात असताना माणसानं पाण्यात उतरू नये. नियम खराच होता, आणि सिस्टरना नियम कळायचा. भेटीची वेळ संपली की त्यांनी रडणाऱ्या आयांनासुद्धा वॉर्डाबाहेर काढलं होतं. त्यांनी टॉवेल परत दांडीवर टाकला.

पण या जावईबापूंची वेळ काही संपेना. सकाळी तळ साफ व्हायचा. मग पाणी निवळायला पाहिजे. दुपारी भिंती. मग पाण्यात औषध टाकलेलं, लगेच उतरलं तर अंगाला खाज. संध्याकाळी पायऱ्या, आणि त्यानंतर पाणी गार. रोज सिस्टर टॉवेल घेऊन यायच्या आणि रोज तेच ऐकायच्या. तपासनिसांनीही पुढे पुढे नाव तेच उचललं.

“जावईबापू पाण्यात आहेत.”

एवढं म्हटलं की झालं.

यात भर म्हणजे तो गट. अशी यंत्रं घरी असणाऱ्या मालकांनी फोनवर एक गट काढला होता, आणि तपासनीस त्यात गेले. निवृत्त माणसाला तपासायला काही मिळालं की त्याला दुसरा जन्म मिळतो. गटात एक दातांचे डॉक्टर होते, त्यांचं यंत्र तळाच्या जाळीवर जाऊन बसायचं आणि उठायचंच नाही. एक हॉटेलवाला होता, त्याचं यंत्र पायऱ्या चढून वर यायचं आणि तोंड बाहेर काढून हवा गिळत राहायचं, येणारी गिऱ्हाइकं त्याचे फोटो काढायची. एका बाईंच्या यंत्राच्या वायरीला असा पीळ पडायचा की सोडवता सोडवता त्यांच्या नवऱ्याशी भांडणं व्हायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं त्यांनी लिहिलं, ते वायरीबद्दल की नवऱ्याबद्दल, ते कळलं नाही.

या सगळ्यांना तपासनीस सल्ले देत. वायर उन्हात सरळ पसरा. टोपली अर्धी भरली की रिकामी करा. आणि रोज आपल्या यंत्राचा निकाल लिहीत. तळ: पास. भिंती: पास. कोपरे: सशर्त पास. खाली भरलेल्या टोपलीचा फोटो. दातांचे डॉक्टर हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. आयुष्यात ज्यांना कधी कोणी हात जोडले नव्हते, त्या तपासनिसांना आता रोज सकाळ-संध्याकाळ हात जोडले जात होते.

एकदा सिस्टर टोपली धुवायला मदत करत होत्या. टोपलीत तळहाताएवढं एक पान निघालं, लालसर, जाड. अंगणात झाड म्हणून एकच, लिंबाचं. त्याची पानं बोटाच्या पेराएवढी. सिस्टरनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

उत्तर फाटकाशी चालत आलं. पलीकडच्या घरातल्या मास्तरीणबाई कौतुकानं म्हणाल्या, “तुमच्या मिस्टरांसारखा माणूस शोधून सापडायचा नाही हो, सिस्टर. रोज सकाळी आमच्या दारातली बदामाची पानं गोळा करून नेतात, पोतं भरून. मी विचारलं, खत करता का? म्हणाले, हो.”

दुसऱ्या दिवशी सिस्टर सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याआड उभ्या राहिल्या. तपासनीस पोतं घेऊन आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी मूठमूठ पानं त्या स्वच्छ, निळ्या पाण्यावर टाकली. काही पानं दगडाखाली भिजवून ठेवलेली होती, ती तळाला जावीत म्हणून. मग कुंडीतली दोन मुठी माती. ती पाण्यात पसरताना लांबून नीट पाहिली, समाधान झालं, आणि मग यंत्र हळूच पाण्यात सोडलं.

सिस्टर ओट्याला धरून हसल्या. पोट दुखेपर्यंत हसल्या. तलाव साफ राहावा म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्राला काम राहावं म्हणून माणूस तलाव घाण करतो! पण हसू ओसरलं तसा गुडघा ठणकला, आणि मग त्यांना संताप आला. चार अनोळखी माणसांनी हात जोडावेत म्हणून हा माणूस माझा पाय वाळत टाकतो आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते आल्यावर जाईना.

जेवताना त्यांनी विचारलं, “आज वारा फार होता का हो? बदामाची पानं आली होती म्हणे उडून.”

तपासनिसांचा घास थांबला. “चाचणी असते ती,” ते ताटाकडे पाहत म्हणाले. “भार दिल्याशिवाय यंत्र कळत नाही.”

“आणि माझ्या गुडघ्याला भार कधी देणार?”

“उद्या.”

उद्या म्हणजे काय, ते सिस्टरना ठाऊक होतं. वॉर्डात पेशंट विचारायचे, सिस्टर, घरी कधी सोडणार? तेव्हा त्याही उद्याच म्हणायच्या.

मग डॉक्टरांकडची तारीख आली. डॉक्टरांनी पुन्हा पाय दाबला. गुडघा होता तिथेच होता, उलट थोडा मागेच गेला होता.

“पाण्यात चालताय ना?”

सिस्टरनी नवऱ्याकडे पाहिलं. तपासनीस तपासणीच्या खाटेचा एक ढिला स्क्रू बारकाईनं बघत होते.

“पुढच्या आठवड्यात या,” डॉक्टर म्हणाले. “फरक नसेल तर टेबलावर घेऊ.”

परत येताना रिक्षात सिस्टरना रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. एवढा संसार केला, याच्या आईची अखेरची सेवा केली, याचं पथ्यपाणी सांभाळलं, आणि आता माझा पाय जायची वेळ आली तर हा स्क्रू बघतो. रस्ताभर त्या रिक्षाच्या बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या टॉवेल खांद्यावर टाकून मागच्या दारी आल्या. तपासनीस काठावर उभेच होते.

“जावईबापू पाण्यात आहेत,” ते म्हणाले.

“असू देत. मी त्यांची वाट बघते.”

सिस्टरनी जावईबापूंच्या खुर्चीतला पंचा उचलून बाजूला ठेवला आणि स्वतः बसल्या. उजवा पाय पुढे, सरळ. तपासनीस घुटमळले. आत जा म्हणाले, ऊन आहे म्हणाले, चहा टाक म्हणाले. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. वॉर्डात रात्र रात्र पेशंटच्या उशाशी थांबायची सवय होती, दुपारचं काय घेऊन बसलात.

आणि थांबल्या म्हणून त्यांना दिसलं. डबीवर हिरवा दिवा होता. वायर पाण्यावर तरंगत होती. पण एरवी ती सापासारखी सळसळायची, आज एका जागी पडून होती. यंत्र तळाशी एका कोपऱ्यात होतं. आजूबाजूला पानं जशीच्या तशी. एक पान तर जावईबापूंच्या पाठीवर बसलेलं होतं. पाठीवर मातीचा पातळ थर होता, यंत्र हललं असतं तर तो राहिला नसता.

सिस्टर उठल्या. लंगडत काठापर्यंत गेल्या, वायर उचलली आणि बोटं ठेवली. चालू यंत्राची वायर हाताला बारीक थरथर द्यायची, हे त्यांना माहीत होतं. आज काही नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा नीट नाडी पाहिली, सवयीनं.

“हे कधी गेले?” त्यांनी विचारलं. वॉर्डातला आवाज होता तो.

“कोण?”

“जावईबापू.”

तपासनिसांनी डबीवरच्या दिव्याकडे पाहिलं.

“अहो, मी तुम्हाला विचारतेय. मेलेलं माणूस मला लांबून कळतं. कधी गेले?”

“झाले काही दिवस,” तपासनीस म्हणाले. “आत पाणी शिरलं. मोटार जळली.”

“गटात सांगितलंत? की टोपली हातानं भरून फोटो टाकता?”

“नाही.”

“लेकीला?”

“नाही.”

“आणि तरी रोज पाण्यात सोडता? दिवा लावून? पानं टाकून?”

तपासनिसांनी मान खाली घातली. सिस्टरच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, वॉर्डबॉयना द्यायच्या त्या. पण त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शिव्या तिथेच राहिल्या. तो चेहरा त्यांनी हजार वेळा पाहिला होता. ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराबाहेर नातेवाईक उभे असतात, दिव्याकडे बघत, हात कुठे ठेवावेत ते न कळून. दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या चेहऱ्यावर हे त्यांना एका नजरेत कळायचं. स्वतःच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर इतके दिवस दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

“काय झालंय?” त्यांनी हळू विचारलं.

“तू त्या दिवशी बुडालीस.”

“बुडाले कुठली? घसरले. अर्धा तलाव...”

“ते वाक्य नको,” तपासनीस एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. “मी इथेच उभा होतो. हातात हा दांडा होता. नुसता पुढे करायचा होता, अगं. हात हलला नाही. पाय हलला नाही. तू आपली आपण वर आलीस. आली नसतीस तर मी तसाच उभा राहिलो असतो, जाळी हातात धरून.”

सिस्टरनी हातातली वायर खाली ठेवली.

“मला पोहता येत नाही. येत असतं तरी हललो असतो की नाही, ठाऊक नाही. मशीन पाण्यात असलं की तू उतरत नाहीस. म्हणून ते पाण्यात असलेलं बरं. चालू काय, बंद काय.” त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल सापडेना म्हणून परत लावला. “मी नापास आहे, अगं. मला माहीत झालंय.”

सिस्टरना हसू आलं, राग आला आणि रडू आलं, आणि तिन्ही एकदम आल्यामुळे कुठलंच नीट झालं नाही. माझा जीव जाऊ नये म्हणून या माणसानं माझा पाय घालवायचा घाट घातला! रोगापेक्षा औषध भयंकर. आणि यात लबाडी म्हणावी तर ती इतकी कष्टाची, की रोज पहाटे उठून शेजारच्या दारातली पानं वेचायची.

“हे आधी बाहेर काढा,” त्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या.

“अगं पण...”

“काढा. मेलेला पेशंट खाटेवर ठेवत नाहीत. दुसरा वाट बघत असतो.”

तपासनिसांनी वायर ओढून यंत्र वर घेतलं. ते पाणी गाळत काठावर पडलं. सिस्टरनी टॉवेल खुर्चीवर टाकला, कठडा धरला आणि दुखरा पाय पहिल्या पायरीवर ठेवला. दुसरी. तिसरीवर पाय टेकताना त्या क्षणभर थांबल्या. पायरी खरखरीत, स्वच्छ होती, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखी.

“जावईबापू जाऊन इतके दिवस झाले,” त्या मागे न बघता म्हणाल्या, “मग ही पायरी कोणी घासली?”

मागे वायर गुंडाळल्याचा आवाज झाला.

“मी,” तपासनीस म्हणाले. “सकाळी. तू उठायच्या आधी. न जाणो, तू ऐकलं नाहीस आणि उतरलीस तर.”

वाकून घासणं ज्यांच्यानं होत नव्हतं, ते हे तपासनीस. सिस्टरनी डोळे पुसले. पाठमोऱ्या होत्या म्हणून ते दिसलं नाही.

“दांडा पुढे करा,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी राहिला होता तो. जाळी तुमच्याकडे, टोक माझ्याकडे.”

तपासनिसांनी दांडा पुढे केला. या वेळी हात हलला. सिस्टरनी टोक धरलं आणि पाण्यात चालायला लागल्या. पाणी छातीशी आलं आणि सगळ्या अंगाचं ओझं कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. गुडघा कुरकुरला, अडला, मग थोडा सैल झाला. काठाकाठानं तपासनीस चालत होते, दांड्याचं टोक घट्ट धरून, तोंडानं एकसारखं “सावकाश, सावकाश” म्हणत. त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

उथळ टोकाच्या पलीकडच्या भिंतीशी सिस्टर वळल्या आणि तलावाच्या मधोमध चालू लागल्या. दांडा तिथवर पुरेना.

“अगं, इकडे ये! काठाशी राहा!”

“काठाशी तुम्ही राहिलात इतके दिवस. मला मधून चालायचंय.”

“दांडा सुटेल!”

“मग तुम्ही या पुढे.”

“तुला तरी कुठे पोहता येतं?”

“म्हणूनच चालतेय ना.”

मागे पायऱ्यांवर पाणी डुचमळलं, पण सिस्टरनी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पायऱ्यांवरचा माणूस थबकला असता, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. पहिल्यांदा चालणाऱ्या पेशंटकडे टक लावून बघायचं नसतं. त्या खोल पाण्याच्या बरंच अलीकडे थांबल्या आणि सावकाश वळल्या. तपासनीस पाण्यात होते. इस्त्रीची पँट, खिशाला पेन, पाणी छातीपर्यंत, दोन्ही हातांनी दांडा आडवा धरलेला, आणि चष्म्यावर शिंतोडे. आपण पाण्यात आहोत हे त्यांना त्याच घटकेला कळलं असावं. ते जागच्या जागी खिळले.

“आलात की,” सिस्टर म्हणाल्या.

तपासनिसांनी दांड्याचं एक टोक त्यांच्यापुढे केलं. दोघं दांड्याच्या दोन टोकांना धरून बराच वेळ इकडून तिकडे चालत राहिले. अधूनमधून बदामाचं एखादं पान अंगाला लागायचं. ते काढायला जाळी मोकळी नव्हती.

बाहेर यायची वेळ झाली तशा सिस्टर आधी चढल्या. डावा पाय वर, मग उजवा. उजवा गुडघा फार नाही, पण सकाळपेक्षा वाकला, हे त्यांना कोणी मोजून सांगायला नको होतं. टेबल टळेल की नाही ते पुढच्या आठवड्यात ठरणार होतं, पण आजचा दिवस तरी वाया गेला नव्हता. त्या वर पोहोचल्या आणि मागे पाहिलं. तपासनीस पायऱ्यांशी उभे होते. भिजलेली पँट पायांना चिकटली होती, आणि पाय उचलायला जड जात होता.

“अगं,” ते म्हणाले. “हात दे जरा.”

सिस्टरनी वाकून हात दिला.

“चढताना चांगला पाय आधी.”

“कुठला चांगला?”

“तुमचे दोन्ही चांगले आहेत. टाका कुठलाही.”

संध्याकाळी जावईबापू खोक्यात गेले. लेकीला काय झालं ते सांगितलं. ती आधी हसली, मग दुरुस्त करून पाठवते म्हणाली. तपासनीस नको म्हणाले. पायऱ्या घासायला ब्रश आहे, म्हणाले.

सिस्टर आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. तपासनिसांचा फोन टेबलावर वाजायला लागला. गटातली माणसं काळजीत पडली होती. सकाळपासून निकाल नाही, टोपलीचा फोटो नाही. शेवटी तपासनिसांनी दोन वाक्यांत मोटार जळाल्याचं कबूल केलं. गटात हळहळ उसळली. दातांच्या डॉक्टरांनी तर दुरुस्ती करणाऱ्याचा पत्ताच पाठवला आणि विचारलं, पुन्हा कधी सोडणार पाण्यात?

तपासनिसांनी फोन उजेडात धरला, एका बोटानं एकेक अक्षर दाबत उत्तर लिहिलं, आणि पाठवायच्या आधी सवयीप्रमाणे दोनदा तपासलं. मग बायकोसमोर धरलं.

“बघ गं, बरोबर आहे का?”

सिस्टरनी वाचलं. लिहिलं होतं: सध्या तलावात जागा नाही.

“पास,” सिस्टर म्हणाल्या.